मुंबईत जेवायचं कुठं? खानावळींचा थोडा इतिहास



चातुर्मास संपला की आपल्या भागातल्या बायकांची मुंबईची कामं निघतात. कुणाला मुलाकडं जायचं असतं, कुणाला लग्नाची खरेदी असते, कुणाला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. आणि निघायच्या आधी एक प्रश्न हमखास येतो, "अक्का, तिथं जेवायचं कुठं?" दशम्या, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू एवढ्यावर दोन दिवस निघतात. तिसऱ्या दिवशी काय? या प्रश्नाला चार पत्ते सांगून मोकळं होता येतं. पण ही जेवायची ठिकाणं त्या शहरात मुळात आली कशी हे कळलं, तर पत्ता नसतानाही आपल्याला हवं ते शोधता येतं. म्हणून आज पाककृती नाही, थोडा इतिहास.

आधी त्या 'जैन' पाटीबद्दल. मुंबईत गाडीवाल्यापासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळीकडं 'जैन मिळेल' असं लिहिलेलं असतं. जैन पावभाजीत बटाट्याच्या जागी कच्ची केळी असतात, जैन सामोशात मटार असतो. सोय आहे, मी नावं ठेवत नाही. परंतु ही पाटी फक्त काय काढून टाकलंय ते सांगते. कांदा, लसूण, बटाटा, गाजर नाही, एवढाच तिचा अर्थ. चव कुणाची, हे ती सांगत नाही. ती चव बहुतेक वेळा गुजराती किंवा मारवाडी असते, कारण मुंबईत जैन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेच व्यापारी येतात. सांगली-कोल्हापूर-बेळगावकडचा, मराठी किंवा कानडी बोलणारा, उसाची नाहीतर तंबाखूची शेती करणारा दिगंबर जैन असतो, हे मुंबईत सांगावं लागतं. आणि त्याचं ताट कसं असतं हे तर कुणालाच माहीत नसतं. ज्वारीची भाकरी, आमसूल घातलेली आमटी, कूट लावलेली भाजी, सणाला कडबू, लग्नात खपली गव्हाची हुग्गी. (खरं सांगायचं तर आपल्यातही सगळी घरं बारा महिने कांदा-लसूण टाळतात असं नाही. चातुर्मासात, दशलक्षणात आणि अष्टमी-चतुर्दशीला टाळणारी घरं जास्त. मुंबईच्या वेटरला हे समजावून सांगायला जाऊ नका, सरळ 'जैन' म्हणा.)

आता खानावळी कशा निघाल्या ते बघू.

पहिली रेल्वे धावली १८५३ साली. पुढच्याच वर्षी पहिल्या कापड गिरणीची जुळवाजुळव सुरू झाली आणि मग गावोगावची माणसं मुंबईला जाऊ लागली. माणसं म्हणजे पुरुष. बायका गावी राहायच्या, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायच्या. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात साधारण दोन पुरुषांमागं एक बाई होती. म्हणजे शहरातल्या निम्म्या पुरुषांना रांधून घालणारं घरात कुणी नव्हतं. मी कॉमर्सची, मला हा आकडा वाचला की पहिल्यांदा मागणी दिसते. लाखो माणसं रोज दोनदा भुकेली होणार, आणि प्रत्येकाला आपल्या गावच्या हातचं हवं होतं. त्यातून आपल्या जातीच्या हातचं हवं होतं, तेही खरं. त्याबद्दल पुढं बोलते.

ही मागणी सर्वांत आधी पुरवली ती बायकांनीच. गिरणगावात, परळ-लालबागच्या चाळींत, ज्या थोड्या बायका नवऱ्याबरोबर आल्या होत्या त्यांनी दहाबाय दहाच्या खोलीत पाच-दहा गडी जेवायला घेतले. कोकणच्या बाईकडं कोकणचे आणि घाटावरच्या बाईकडं घाटावरचे गडी. पैसे पगाराच्या दिवशी मिळायचे, म्हणजे महिनाभर ती बाई स्वतःच्या जोरावर किराणा भरायची, बहुतेक वेळा वाण्याकडं उधारी करून नाहीतर सावकाराकडून व्याजानं. खेळतं भांडवल तिचं, जोखीम तिची, राबणंही तिचंच, आणि तिला धंदेवाली म्हणून कुणी मोजलं नाही. १९७५ साली कामगार चळवळीतल्या प्रेमा पुरव यांनी अशा खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकाराच्या व्याजातून सुटका, हा त्या संस्थेचा पहिला मोठा हिशोब. पुढं १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगारच थांबले. उधारीवर जेवणारे गडी गावी परतले आणि चुली थंड झाल्या. संपाचा इतिहास लिहिणारे गिरणीमालक आणि पुढारी यांच्यावर पानंच्या पानं लिहितात. या चुलींवर दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

या खानावळींना पाटी नव्हतीच, त्यामुळं आज शोधायला गेलं तर त्या सापडत नाहीत. सापडतात ती त्यांच्या नंतरची, पाटी लावलेली मराठी उपाहारगृहं, गिरगाव आणि दादरला. दादरचं मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० सालचं, गिरगावातलं विनय हेल्थ होम १९४० चं. कारकून, शिक्षक, नाटकवाले, विद्यार्थी अशी पांढरपेशी मंडळी तिथं जायची. थालीपीठ, मिसळ, पियुष, साबुदाण्याची खिचडी असा मामला. आपली तिथं एक गंमत होते. दमून बसलेलं असताना मैत्रीण म्हणते, अगं उपवासाचं घे, त्यात कांदा-लसूण नसतो. आणि समोर येतं काय? बटाटा, रताळं आणि साबुदाणा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचं कंद, त्याचाच स्टार्च. म्हणजे उपवासाच्या नावाखाली सगळी कंदमुळं एका ताटलीत! आपल्याकडं उपवास म्हणजे अन्नच नाही, त्यामुळं 'उपवासाचे पदार्थ' हा शब्दच आपल्याला नवलाचा. तिथं आपल्याला चालेल ते म्हणजे पियुष, कोथिंबीरवडी आणि थालीपीठ विचारून. त्यात कांदा असतोच, पण नुसतं भाजणीचं कुणी करून दिलं तर देव भेटल्याचा आनंद.

इराण्यांच्या हॉटेलांवर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. ते लोक यझ्दकडून आले, त्यांनी कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या, धोबीतलावचं कयानी १९०४ सालचं आहे. आपल्याला तिथं चहाशिवाय फारसं काही नाही, म्हणून मी पुढं जाते.

काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार ही गुजराती आणि मारवाडी व्यापाऱ्यांची वस्ती. तिथली गोष्ट गिरणगावासारखीच, फक्त खिशात पैसा जास्त. कच्छ, काठेवाड, मारवाडातून आलेला तरुण पेढीवर नोकरीला लागायचा, रात्री पेढीवरच झोपायचा आणि महिन्याचे पैसे भरून एखाद्या विशीत जेवायचा. विशी म्हणजे त्यांची खानावळ. आज आपण ज्याला गुजराती थाळी म्हणतो, पोट भरेपर्यंत वाढत राहायचं, ती या महिनेवारी पद्धतीतूनच आली असावी असं मला वाटतं. कारण माणूस रोजचाच असला की वाटी मोजून चालत नाही, तो उद्या दुसरीकडं जातो. काळबादेवीचं श्री ठाकर भोजनालय १९४५ पासून आहे. झवेरी बाजारातलं भगत ताराचंद तर मूळ कराचीचं, १८९५ सालचं. फाळणीनंतर ते मुंबईला आलं, म्हणजे माणसांबरोबर एक अख्खी खानावळ सरहद्द ओलांडून आली. या गल्ल्यांत कांदा-लसूण नको म्हटलं तर कुणी वर बघत नाही. चोविहाराची, म्हणजे सूर्यास्ताच्या आत जेवायची सोयही व्यापारी पेठांच्या आसपास जैन संघांनी केलेली असते. अडीअडचणीला हाच भाग खात्रीचा. पण डाळ गोड लागते हो! दोन दिवस बरं वाटतं, नंतर जीभ आमटीची आठवण काढते.

आणि आता माटुंगा. मला या सगळ्या लिखाणात खरं सांगायचं आहे ते माटुंग्याबद्दल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती हे त्याचं एक कारण धरलं गेलं, आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्या ट्रस्टनं दादर, माटुंगा, वडाळा, सायन हा भाग आखून वसवला. रुंद रस्ते, मोकळ्या जागा, तीन-चार मजली हवेशीर इमारती. त्याच काळात सरकारी कचेऱ्या, रेल्वे, बँका, विमा कंपन्या यांना इंग्रजी आणि टायपिंग येणारी माणसं हवी होती, आणि दक्षिणेकडून तशी माणसं येत होती. त्यांनी माटुंगा धरलं. मग त्यांच्यामागोमाग देऊळ, शाळा, फुलांचे गजरे, केळीची पानं, कॉफीच्या बियांचे दुकानदार हे सगळं आलं. साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ ची. आणि जेवण? कॅफे मैसूर १९३६, रामाश्रय १९३९, कॅफे मद्रास १९४०, आणि स्टेशनजवळचं ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२. सहा-सात वर्षांत एवढी ठिकाणं, तीही चालत जाण्याच्या अंतरात.

'बोर्डिंग' हा शब्द आपल्या ओळखीचा. आपल्याकडं बोर्डिंग म्हणजे मुलांचं वसतिगृह. तिथं बोर्डिंग म्हणजे एकट्या नोकरदाराचं दोन वेळचं जेवण. केळीच्या पानावर भात, सार, सांबार, भाजी, ताक.

हे जेवण उडुपीचं का? उडुपीला मध्वाचार्यांनी तेराव्या शतकात श्रीकृष्णाचं मंदिर स्थापलं. तिथले आठ मठ पाळीपाळीनं पूजा आणि अन्नदान सांभाळतात. शेकडो माणसांचा स्वयंपाक शुद्धतेनं आणि वेळेवर करणारे आचारी त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेले. हेच हात पुढं हॉटेलात आले. मंदिरातल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नाही हे बहुतेकींना माहीत असेल. पण त्यांचा चातुर्मास माहीत आहे का? माध्व लोक चार महिन्यांत चार वस्तू सोडतात. पहिल्या महिन्यात भाज्या, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध, चौथ्यात द्विदल. द्विदल! हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या संदर्भात वाचला तेव्हा थबकले. आपल्याकडं द्विदलाचा नियम वेगळा, डाळीचा पदार्थ न तापवलेल्या दह्याताकाशी मिसळायचा नाही. त्यांच्याकडं महिनाभर डाळच वर्ज्य. नियम निराळे, पण पावसाळ्यात जिभेला आवर घालायची रीत आणि तिचे शब्द शेजाऱ्यांचे. भाजी नसलेल्या महिन्यात, मिरचीही नसताना, मिऱ्यावर स्वयंपाक चवदार करायचा, ही तयारी ज्या आचाऱ्याच्या हाताला आहे त्याला "कांदा नको" म्हटल्यावर घाम फुटत नाही.

शेजारी म्हटलं ते उगाच नाही. उडुपीपासून थोड्याच अंतरावर कारकळ, तिथला बाहुबली १४३२ सालचा. मूडबिद्रीची हजार खांबांची बस्ती त्याच सुमाराची. वेणूरचा बाहुबली १६०४ चा. आपल्यातल्या कितीतरी जणी श्रवणबेळगोळच्या यात्रेला जोडून हे सगळं बघून आल्या आहेत. देवळाला आपण 'बस्ती' म्हणतो, तो शब्दही तिकडचाच. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेली अक्षरं आहेत, हे तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. म्हणजे आपला ओढा पूर्वीपासून दक्षिणेकडं. आणि ताटात तो दिसतोच. कडबू तिकडं आहे, हुग्गी आहे, चित्रान्न आहे, सार आहे.

आता इडलीचं ऐका. इडलीचा आतापर्यंत सापडलेला सर्वांत जुना उल्लेख आहे तो 'वड्डाराधने' या कानडी ग्रंथात, साधारण इसवी सन ९२० चा. राष्ट्रकूटांचा काळ. ग्रंथ जैन, लिहिणारे शिवकोट्याचार्य, आणि आधार आपल्या 'भगवती आराधना' या ग्रंथाचा. त्यात एकोणीस कथा आहेत. एका ठिकाणी घरी आलेल्या ब्रह्मचाऱ्याला गृहिणी जे अठरा पदार्थ वाढते त्यात 'इड्डलिगे' आहे. एका श्राविकेनं वाढलेल्या ताटात इडली पहिल्यांदा इतिहासात आली, असं म्हणायला माझी हरकत नाही! मात्र ती आजची इडली नव्हे. पुढं १०२५ च्या सुमाराच्या 'लोकोपकार' या कानडी ग्रंथात कृती येते ती अशी, उडीद ताकात भिजवायचे, वाटायचे, दह्याचं पाणी आणि मसाले घालायचे. तांदूळ नाहीत. (त्या ग्रंथकाराचं नावही चावुंडरायच, पण गोमटेश्वर घडवणारा तो हा नव्हे.) उडीद ताकात भिजवणं म्हणजे आपल्या नियमानं सरळसरळ द्विदल झालं. मग शिवकोट्याचार्यांच्या कथेतली गृहिणी ती कशी करत होती? ग्रंथ सांगत नाही. आणि मर्यादा पाळणाऱ्या घरांत आजही रात्रभर आंबवलेलं पीठ चालत नाही, त्यामुळं जिच्या घराण्यात इडलीचा पहिला उल्लेख तिलाच ती कधी कधी खाता येत नाही. याला काय म्हणावं!

आणखी एक नाव लक्षात ठेवा, तिसरा मंगरस. जैन सरदार घराण्यातला कवी. त्यानं १५०८ च्या सुमारास 'सूपशास्त्र' नावाचा स्वयंपाकाचा ग्रंथ कानडी पद्यात लिहिला. सगळे पदार्थ शाकाहारी. भाकरी-पोळ्यांपासून पेयांपर्यंत सगळं त्यात आहे. जैन स्वयंपाकाचं पुस्तक म्हटलं की हल्ली गुजराती नावं पुढं येतात. पाचशे वर्षांपूर्वीचं आपल्या दक्षिणेतलं पुस्तक आपल्यालाच ऐकून माहीत नसतं.

म्हणून मला असं वाटतं की मुंबईत आपल्या चवीच्या जवळ जायचं असेल तर 'जैन' पाटी शोधण्यापेक्षा उडिपी पाटी शोधावी. विचारून खावं लागतं, ते खरं. हॉटेलातल्या सांबारात आता कांदा असतोच, डोशाच्या भाजीत बटाटा. नीर डोसा, घावन, सार-भात, मिरीचं सार, केळफुलाची किंवा तोंडल्याची भाजी, उपीट कांद्याशिवाय मिळालं तर, आणि वर गूळ-खोबऱ्याचं काही. दहीभात आला तर त्यात उडीद-हरभऱ्याच्या डाळीची फोडणी असते. ज्या द्विदल पाळतात त्यांनी फोडणीशिवाय मागावा. सहसा देतात.

आता मनात सलतं ते. मुंबईत कोकण्याची खानावळ निघाली, गुजरात्याची विशी निघाली, उडुपीकरांचं बोर्डिंग निघालं, मग आपलं का नाही? माझा तर्क असा. आपली माणसं जमिनीवाली. कृष्णा-पंचगंगेच्या काठची शेती सोडून गिरणीत जायची वेळ फार थोड्यांवर आली. जे गेले ते शिकायला, औषधपाण्याला, कोर्टकचेरीला. त्यांच्यासाठी धंदा म्हणून हॉटेल निघालं नाही, धर्मादाय सोय निघाली. सुरतेचे मोत्यांचे व्यापारी दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांनी वडिलांच्या नावानं तारदेवला हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग काढलं आणि १९०५ साली सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा बांधली. ते गुजराती, पण आपल्याकडच्या बोर्डिंगांनाही त्यांचा हात होता. त्यांच्या कन्या मगनबाई, तरुणपणीच विधवा झालेल्या, त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम चालवला. तिथं दूरदूरच्या विधवा बायका राहून शिकल्या, शिक्षिका होऊन आपापल्या गावी गेल्या. याचा आपल्याला अभिमान आहेच. पण धर्मादाय जेवणात चव ठरवतो तो आचारी आणि विश्वस्त. जेवणारा पैसे देत नाही, म्हणून तो "भाकरी का नाही?" असं विचारतही नाही. खानावळीत गिऱ्हाईक तक्रार करतं आणि त्यामुळंच चव टिकते. आपली चव मुंबईत टिकली नाही त्याचं एक कारण हे असावं.

आणि दुसरी गोष्ट, जी आपण आपसात फारशी बोलत नाही. ही जुनी खानावळ-संस्कृती परक्या गावात आपल्यासाठी उघडं दार होती, पण तेच दार दुसऱ्या कितीतरी जणांना बंद होतं. 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणांची खानावळ' या पाट्या जेवढं सांगत होत्या त्याहून जास्त न बोलता सांगत होत्या. आपली बोर्डिंगंही याला अपवाद नव्हती. कुंभोजला जन्मलेले आपले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते. अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले, आणि परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढं १९२४ साली त्यांनी साताऱ्याला जे बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं मिळून स्वयंपाक करत आणि एका पंगतीला बसत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं.

१९५० साली राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट शब्दांत उल्लेख आहे, धर्म, जात, लिंग यावरून तिथं कुणाला मज्जाव करता येणार नाही. घटना लिहिणाऱ्यांना हॉटेलाचं नाव घेऊन लिहावं लागलं, यावरूनच आधी काय होतं ते समजावं. आपल्या शास्त्रात ताटातल्या जीवांचा विचार आहे, पाणी गाळण्याचा आहे, वेळेचा आहे. शेजारच्या पाटावर कोण बसलंय याची चिकित्सा आपण आजूबाजूच्यांचं बघून शिकलो. म्हणून हॉटेलात "कांदा नको, बटाटा नको" हे मोकळेपणानं सांगावं, आणि "आचारी कोण आहे?" हे विचारू नये. अजूनही कुणी कुणी विचारतं. मला ते आवडत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगते.

आता जाणारीसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. कुठल्याही मोठ्या शहरात एखाद्या प्रांताचं खरं जेवण शोधायचं असेल तर हॉटेल शोधू नका, त्या लोकांचं देऊळ, शाळा आणि बाजार शोधा. माटुंग्यात जिथं मोगऱ्याचे गजरे आणि केळीची पानं विकतात तिथून हाकेच्या अंतरावर जेवण आहे. भुलेश्वरात पांजरापोळ आणि देवळांच्या गल्लीत आहे. एकट्या पुरुषांसाठी निघालेली ही ठिकाणं, त्यामुळं म्हातारे एकटे गिऱ्हाईक मुकाट्यानं जेवताना दिसले की आत जावं, जेवण घरगुती असतं. दुपारचं जेवण हेच आपलं मुख्य जेवण धरा. बहुतेक भोजनालयं संध्याकाळी सातनंतर उघडतात आणि डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, म्हणजे रात्रीचं गेलंच. जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, तरी घाईच. साडेपाचला इडली-घावन देणारं उडिपी तेवढं उघडं असतं, हाही एक मुद्दा माझ्या बाजूचा.

शेवटी एक मागणं आहे. तारदेवच्या बोर्डिंगात, हिराबागेत किंवा श्राविकाश्रमात राहिलेलं कुणी तुमच्या घरात असेल, आजोबा, सासरे, आत्या, तर त्यांना विचारून ठेवा. रोज ताटात काय असायचं, भाकरी मिळायची की पोळी, आचारी कुठला होता, महिन्याला किती पडायचे. एखादी जुनी जमाखर्चाची वही, मेसची पावती निघाली तर ती रद्दीत घालू नका, मला कळवा. किराण्याच्या यादीवरूनसुद्धा जेवण कळतं. ज्वारी किती पायली आणि गहू किती, एवढं जरी मिळालं तरी पुढचं लिहिता येईल.